दोन थापा

बॅटरी आपल्या पायांनी चालत गाडीच्या डिकीतून बाहेर जात नाही. कुणीतरी ती उचलतं. लाईट गेल्यावर टाकी बघायला कुणीतरी ती गच्चीवर नेतं, कुणीतरी तिचे सेल काढून जुन्या रेडिओत घालतं, आणि विचारायला गेलं की घरातल्या प्रत्येकाचं उत्तर एकच, ‘मी न्हाई बाबा.’ म्हणजे घरात माणसं चार राहतात आणि बॅटरी पाचवंच कुणीतरी नेतं!

व्हॅनच्या उघड्या डिकीत डोकं घालून संघप्रिया हे सगळं स्वतःशीच बडबडत होती. डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, दोरी होती, सकाळी पुस्तकांचे खोके बांधून आणलेल्या सुतळीचा गुंता होता. बॅटरी नव्हती. तीन सेलची, स्टीलची, मनगटाएवढी जाड. आबा एसटीत ड्रायव्हर असताना त्यांनी ती घेतली होती. रिटायर झाल्यावर खाकी कपडे त्यांनी देऊन टाकले, बॅटरी तेवढी ठेवली. ती गाडीतच राहिली पाहिजे, असं संघप्रियानं घरात निदान शंभर वेळा सांगितलं असेल. पण ऐकतो कोण? मोबाईल आहे की, म्हणे.

मोबाईल होता. त्यात फारसा जीव उरला नव्हता, एवढंच.

तसं पाहिलं तर काम साधं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासेसमधून दरवर्षी पोत्यानं पुस्तकं रद्दीत जातात. एमएसडब्ल्यू झाल्यापासून संघप्रिया आणि तिच्या मैत्रिणी ती पुस्तकं गोळा करून खेड्यापाड्यांतल्या अभ्यासिकांना पोचवत. आज गगनबावड्याच्या पुढं, घाट उतरून खालच्या एका वाडीत, विहाराशेजारच्या खोलीत नवी अभ्यासिका सुरू झाली. आबा गाडी चालवायला आले, कारण घाटात पोरीच्या हातात स्टिअरिंग द्यायचं त्यांच्या जिवावर येई. कार्यक्रम छान झाला. संघप्रियानं दिवसभर फोटो काढले, व्हिडिओ काढले, आणि फोनचा जीव तिथंच संपत आला.

परतताना घाट चढायला लागले तेव्हा उजेड होता. ऑगस्टमधला, ओल्या फडक्यासारखा उजेड. अर्ध्या घाटात धुकं उतरलं आणि दिवस मावळायच्या आतच सगळं पुसून गेलं. वायपर चालू, दिवे चालू, तरी बॉनेटच्या पुढं काही दिसेना. आबा पुढं वाकून, काचेला नाक लावून गाडी चालवत होते. आणि एका वळणावर त्यांनी करकचून ब्रेक मारला. पुढं रस्ताभर झाड आडवं पडलं होतं. मुळासकट, मातीसकट. डावीकडच्या डोंगरावरून अजून बारीक बारीक खडे टपटप येत होते.

“दरड सुटालीया,” आबा म्हणाले. “हितं थांबून चालायचं न्हाई. गाडी मागं घ्यायला पायजे. खालच्या वळणावर रुंद जागा हाय, तितवर जाऊ.”

“मागचा रिव्हर्सचा दिवा बंद आहे आबा. मी कधीची म्हणतेय, नीट करून घ्या.”

“मग उतर की. मागं हुबी राहून सांग. बॅटरी घे डिकीतनं.”

म्हणून ती डिकीत डोकं घालून उभी होती. फोनला कशीबशी एक कांडी रेंज होती. तिनं घरी भावाला फोन लावला.

“प्रसेनजीत, बॅटरी कुठाय?”

“बॅटरी? पुढच्या सीटखाली असती की. स्टार्ट हुईना व्हय गाडी?”

“अरे शहाण्या, गाडीची नव्हे! उजेडाची! हातात धरायची!”

“ती व्हय! ती मी परत ठेवल्याली डिकीत.”

“थापा मारू नकोस.”

“आईशप्पथ! आईलाच इच्यार पायजे तर, तिनंच परवा...”

फोन कटला. आईनं परवा काय केलं ते घाटापलीकडंच राहिलं.

“घावली का न्हाई?” पुढून आबा ओरडले.

“नाही!”

“दादल्यास नथ आन् बायकूस मिशा!” आबा म्हणाले. चिडले की ते अशा स्वतःच्या म्हणी तयार करत, त्यांचा अर्थ त्यांनाच ठाऊक. “मग मोबाईलचा लाव.”

तिनं मोबाईलचा दिवा लावला. धुक्यात तो दिवा म्हणजे डोळ्यांपुढं पांढरी चादर धरल्यासारखं झालं. प्रकाश पुढं जाईच ना, उलटून तिच्याच तोंडावर येई. उजवीकडं दरी होती आणि कठड्याचे दगड मागच्या कुठल्यातरी पावसात ढासळले होते. ते बांधायचं काम ज्याचं होतं, त्यानं तिथं रंगवलेली दोन पिंपं ठेवून समाधान मानलं होतं. आता तीही दिसत नव्हती. संघप्रिया डोंगराच्या बाजूला, गाडीच्या डाव्या कोपऱ्यामागं उभी राहिली आणि तिनं पत्र्यावर दोनदा हात मारला.

ही आबांचीच शिकवण. त्यांना नुसतं ‘या, या’ म्हणून चालत नसे. एसटीत दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. आणि गाडी मागं घ्यायची तर कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर हात मारतो. दोन थापा म्हणजे येऊ द्या. एक थाप म्हणजे जागच्या जागी थांबा. ड्रायव्हरनं त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. आबांचा उभा जन्म त्यात गेला होता.

गाडी हळूहळू मागं सरकायला लागली. इंजिनचा घरघराट, ओल्या मातीचा वास, चाकाखाली चिरडणारी पानं.

“येऊ दे... येऊ दे...” संघप्रिया म्हणत होती.

आणि फोन गेला. पांढरी चादर विझली आणि तिच्या जागी काळी आली. गाडीच्या मागच्या दोन लाल दिव्यांखेरीज काही उरलं नाही. आपल्यालाच दिसत नसताना मागं घ्या कसं सांगणार? तिनं पत्र्यावर एकदा हात मारला. धप्.

थांबा.

लगेच, तिची थाप विरायच्या आत, गाडीच्या पलीकडच्या कोपऱ्यावर दुसरी पडली. धप्.

गाडी मागं येतच राहिली.

तिला आधी वाटलं, डोंगरावरचा दगड पत्र्यावर पडला असेल. चिडून तिनं पुन्हा एकदा हात मारला, जोरात. धप्. आणि पलीकडून, तेवढ्याच जोरात, तेवढ्याच अंतरानं... धप्.

एक तिची. एक दुसऱ्या कुणाची. आत बसलेल्या माणसाला दोन.

“आबा, थांबा!” ती ओरडली. पण काचा वर होत्या, वायपर खरडत होते, आणि आबा शब्दांवर चालणारे ड्रायव्हर नव्हतेच. ते थापेवर चालत होते.

मग तिला उजेड दिसला.

गाडीच्या मागं, उजव्या अंगाला, एक पिवळा गोल हलत होता. बॅटरी. खरीखुरी, हातात धरलेली. कुणीतरी ती मनगटातून सावकाश हलवत होतं, डेपोत गाडी मागं घेताना हलवतात तशी. क्षणभर तिला हायसंच वाटलं. असेल कुणी वाटसरू, धावून आला बिचारा. पण धुक्यात उजेड पसरतो. तिच्या मोबाईलचा पसरला होता, गाडीच्या दिव्यांचा पसरला होता. हा पसरत नव्हता. कात्रीनं कापून धुक्यावर चिकटवल्यासारखा तो गोल नुसता गोलच होता. आणि तो फार लांब होता. रस्ता तेवढा रुंद नव्हता. तो गोल रस्ता संपल्यानंतर, पिंपांच्याही पलीकडं, दरीच्या वर हलत होता.

“येऊ द्या...” धुक्यातून आवाज आला. हळू, कामाच्या सवयीचा. दिवसभर तेच शब्द बोलून थकलेल्या माणसाचा असतो तसा. “येऊ द्या... येऊ द्या...”

आबा आरशात बघत होते. आरशात पिवळा गोल होता. गाडीची मागची बाजू त्या गोलाकडं वळायला लागली.

संघप्रियानं हात वर केला आणि तसाच ठेवला. ती एक थाप मारणार, तो तिच्या दोन करणार. न मारावी, तर गाडी चाललीच आहे. तिला भीतीच्याही आधी संताप आला. निव्वळ संताप. भर घाटात, बाप दरीत चाललाय, आणि ज्याला उजेडाची काडीची गरज नाही त्याच्या हातात बॅटरी!

ती पळाली. डोंगराला खरचटत, चिखलात घसरत, चालत्या गाडीच्या डाव्या अंगानं पुढं गेली. पुढचं दार उतरताना तिनं धड लावलेलं नव्हतं, ते हाताला लागलं. ते ओढून ती निम्मी आत पडली आणि दोन्ही हातांनी हॅन्डब्रेक वर खेचला.

गाडी हिसका देऊन थांबली. इंजिन बंद पडलं.

“अगं ए! डोसक्यावर पडलीस काय?” आबा भडकले. “हॅन्डब्रेक वडतंय व्हय कोण मधीच? यवस्थित सांगालाय की त्यो मागनं!”

“कोण सांगतोय आबा?”

“कोण म्हंजे? तुझ्या संगट उभारलाय त्यो. बॅटरीवाला.”

“माझ्यासंगट कुणी नाही.”

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग आरशाकडं. वायपर थांबला होता, आणि आता आवाज काचेतूनही आत येत होता.

“येऊ द्या...”

आबांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि पाय खाली सोडला. पाय खाली टेकला नाही. त्यांनी तो सावकाश वर घेतला, दार लावलं आणि संघप्रियाच्या बाजूनं उतरले. दोघं गाडीला पाठ लावून, डोंगराकडून मागं सरकले आणि वाकून पाहिलं. मागचं उजवं चाक ढासळलेल्या कठड्याच्या शेवटच्या दगडाला टेकून उभं होतं. लाल दिव्याच्या उजेडात तो एक दगड दिसत होता. त्याच्या पलीकडं काही नव्हतं. आबांच्या चपलेनं एक खडा घरंगळला. तो पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला नाही.

पिवळा गोल हलायचा थांबला. ओल्या चामड्याचा वास आला, पावसात भिजलेल्या कंडक्टरच्या पिशवीला येतो तसा. मग बॅटरीचं बटण मागं सरकवल्याचा आवाज. खट्. अंधार.

“आबा... कोण होतं?”

“मला काय म्हाईत?” आबा म्हणाले. “हात मातूर सरावाचा हुता. असा हात मी लई वर्सांनी बघितला.”

“तुमच्या ओळखीचं कुणी...”

“गप.”

खरं तर तिला रडू यायला हवं होतं. पण आबा खिशात विडी शोधायला लागले, जी त्यांनी कधीच सोडली होती, आणि ते पाहून तिचं टाळकं पुन्हा सरकलं. पाचशे-हजाराची वस्तू. एक चांगली बॅटरी. तिच्या एका झोतात कठडा दिसला असता, दरी दिसली असती, समोर कोण आहे, आहे की नाही, तेसुद्धा दिसलं असतं. माणसं गाडीला लिंबू-मिरच्या बांधतात, आरशाला बाहुल्या टांगतात, स्पीकर घालतात. बॅटरी ठेवा म्हटलं की हसतात.

आबांनी आधी तिला दूर उभं केलं आणि मगच गाडी सुरू केली. पहिल्या गिअरवर, श्वास धरून, त्यांनी ती पुन्हा रस्त्याच्या मधोमध आणली. म्हणजे परत त्याच सुटलेल्या दरडीखाली. पुढं झाड, डोक्यावर दगड, मागं...

“मी काय आता रिव्हर्स घेत न्हाई बग,” आबा म्हणाले. “मेलो तरी न्हाई.”

तेवढ्यात झाडाच्या पलीकडून दगडी खांबासारखा उजेड आला. पांढरा, जाड, धुकं चिरत जाणारा. त्याच्या मागोमाग फांद्यांवरून चढत एक माणूस अलीकडं आला. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, खांद्यावर कुऱ्हाड, आणि हातात कोपरापर्यंत येईल एवढी मोठी बॅटरी.

“कोण हाय? पावणं, गाडी कुठली?”

“कोल्हापूरची,” आबा म्हणाले. मग त्यांनी जरा दरडावूनच विचारलं, “तुमी कोण?”

“मी आकाराम. वरच्या गावातला. झाड पडलं की तोडाय मलाच धाडत्यात.” त्यानं झोत डोंगरावर फिरवला. ओली माती चमकली, दोन-चार दगड सुटताना स्पष्ट दिसले. संघप्रियाला पहिल्यांदाच कळलं, आपण कशाखाली उभे होतो. “आवो, हितं काय थांबलाय! वरनं जेसीबी यायलाय, त्येला जागा पायजे. गाडी मागं घ्या खालच्या वळणावर.”

“दिसत न्हाई मागचं,” आबा तुटकपणे म्हणाले. घडलेलं सांगितलं नाही. संघप्रियानंही नाही.

“बॅटरी न्हाई व्हय गाडीत?” आकाराम हसला. “घाटात येतासा आन् बॅटरी आणत न्हाईसा. बरं हाय की! आत बसा जावा. मी मागनं दावतो.”

संघप्रियानं त्याचा चेहरा, त्याचे चिखलाचे पाय, त्याची सावली नीट बघून घेतली. सावली होती. तोंडाला तंबाखूचा वास होता. तरी ती म्हणाली, “काका, एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे येऊ द्या. एवढंच करा. तोंडानं काही म्हणू नका.”

“म्हाईत हाय की ताई. एसटी आमच्याबी गावात येती.” त्यानं बॅटरी कानाशी हलवून बघितली. झोत मघापेक्षा पिवळा पडला होता. “जरा दम खावा मातूर. आलोच.”

दोघं आत बसले. काचांवर आतून वाफ धरली होती. संघप्रियानं डावा हात सीटला घट्ट धरला आणि उजवा हॅन्डब्रेकवर ठेवला. आबांनी तिच्या हाताकडं पाहिलं. गाडीच्या बाजूनं उजेड सरकत मागं गेला.

धप्. धप्.

आबांनी गाडी मागं घेतली. आरशात उजेड हलत होता, सावकाश, मनगटातून. डोंगर सोडून गाडी फार उजवीकडं जायला लागली की थापा नीट डावीकडून पडत, जणू तिला हातानं वळवावं तशा. धप् धप्. धप् धप्. संघप्रियाच्या मुठीतून हळूहळू जोर गेला. मोठं वळण सरलं. चाकांखालची पानं संपून बारीक खडी लागली.

धप्.

एकच. आबांनी ब्रेक दाबला. दोघांनी कान टवकारले. दुसरी थाप पडली नाही.

“ह्येला म्हंत्यात कंडक्टर,” आबांनी मोठा श्वास सोडला. “बग, कशी कापसागत ठेवली गाडी.”

संघप्रियाला हसू आलं. दुपारपासून पहिल्यांदा. “उद्या सकाळी आधी राजारामपुरीत जाऊन नवी बॅटरी आणणार. आणि डिकीला कुलूप घालणार. मग बघते कोण नेतंय.”

“दोन आण,” आबा म्हणाले. “एक तुझ्या आईला. म्हंजे चोरीचा सवालच मिटला.”

आबांनी हात इंजिन बंद करायला नेला, आणि तो किल्लीवरच राहिला. पुढच्या काचेवरची वाफ उजळली होती. समोरून, झाडाच्या बाजूनं, पांढरा जाड उजेड उड्या मारत येत होता. कुणीतरी पळत येत होतं. संघप्रियानं बाहीनं काच पुसली. पोत्याची खोळ, खांद्यावर कुऱ्हाड. आकाराम गाडीपासून दहा-बारा हात अलीकडंच थबकला. त्याच्या बॅटरीचा झोत गाडीवरून, टपावरून, गाडीच्या मागं गेला आणि तिथंच खिळला. तो पुढं येईना.

“आबा,” संघप्रिया कुजबुजली, “ब्रेकवरचा पाय काढू नका...”

“पावणं,” आकाराम तिथूनच म्हणाला, आणि आता त्याचा आवाज लहान झाला होता, “मी तर झाडाजवळ सेल बदलत हुतो की अजून... तुमी कुणाच्या थापंवर मागं आलासा?”